लिलाव लंडनला, पोतं कूर्गात

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर उभा राहतो, व्यापारी दोन-चार कांदे उचलून बघतात, बोली लागते आणि भाव फुटतो. शेतकरी तिथेच उभा असतो. भाव पडला की तो चिडतो, लिलाव बंद पाडतो, रस्ता अडवतो. निदान कोणावर चिडायचं, ते त्याला समोर दिसतं.

कूर्गातल्या, म्हणजे कोडगू जिल्ह्यातल्या, कॉफीवाल्याचं तसं नाही. त्याच्या पोत्याचा भाव लंडनमध्ये ठरतो. ज्यांच्या सौद्यांमधून तो ठरतो त्यांनी त्याचं पोतं तर सोडाच, कदाचित कॉफीचं झाडही पाहिलेलं नसतं. आपल्याकडे दुपार झाली की तिथला बाजार उघडतो, फोनवर आकडे यायला लागतात आणि रात्री उशिरा थांबतात. दुसऱ्या दिवशी गावातला व्यापारी तोच आकडा रुपयांत फिरवून दुकानाबाहेरच्या फळ्यावर लिहितो.

‘कॉफी इस्टेट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कौलारू बंगला, जीप आणि शिकारी कुत्रे येतात. तशा इस्टेटी आहेतही. पण भारतातल्या कॉफी उत्पादकांपैकी जवळपास 98-99 टक्के जण दहा हेक्टरच्या आतले आहेत आणि त्यातल्या कितीतरींकडे चार-पाच एकरच आहेत. हा लेख त्या पाच एकरवाल्याबद्दल आहे. त्याचं नाव-गाव काल्पनिकही देत नाही. हिशोबापुरता ‘आपला शेतकरी’ म्हणू.

आधी हिशोबच करू. कॉफीच्या दोन मुख्य जाती. अरेबिका नाजूक, उंचावर वाढणारी, चवीला हलकी. तिचा भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात पाऊंडभर वजनाला सेंटमध्ये बोलला जातो. रोबस्टा राकट, कडवट, इन्स्टंट कॉफीत आणि इटालियन एस्प्रेसोत जाणारी. तिचा भाव लंडनला, टनाला डॉलरमध्ये. भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी साधारण 70 टक्के रोबस्टा आहे, आणि एकूण पिकापैकी जवळपास तेवढाच हिस्सा परदेशी जातो. कर्नाटकातल्या कॉफीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इटली आहे. त्यामुळे आपला शेतकरी म्हैसूरच्या व्यापाऱ्याला माल विकत असला तरी आकडा लंडनचाच.

समजा, साल 2024, लंडनला भाव टनाला 5,000 डॉलर आणि डॉलर 84 रुपये. म्हणजे किलोला 420 रुपये. पण हा भाव सोललेल्या, स्वच्छ बीचा. लहान शेतकरी फळं अंगणात उन्हात वाळवतो आणि टरफलासकट विकतो. त्याला तिकडे चेरी म्हणतात. पोतं 50 किलोचं. त्यातून बी निघते साधारण 26 ते 28 किलो. व्यापारी याला आउटटर्न म्हणतात. आपल्याकडे कारखान्यावर ऊस घातला की साखरेचा जो उतारा काढतात, तीच भानगड. उतारा 27 धरला तर पोतं झालं 11,340 रुपयांचं.

आता 2020 सालात जाऊ. लंडनला भाव होता साडेबाराशे डॉलरच्या आसपास, डॉलर 75 रुपये. किलोला पावणेचौऱ्याण्णव रुपये, पोतं अडीच हजाराचं. भारतीय रोबस्टाला लंडनच्या भावावर थोडा अधिक पैसा मिळतो, म्हणून प्रत्यक्षातला आकडा थोडा वर. मग ओलावा, काळं बी, वाहतूक असं काहीबाही कापलं जातं, म्हणून थोडा खाली. तो तपशील सोडून देऊ. पाच एकरांत सरासरी पिकाला 80 पोती निघतात. 2020 चे झाले दोन लाख, 2024 चे नऊ लाख.

बाग तीच, झाडं तीच, पोतीही तेवढीच. त्याने वेगळं काही केलेलं नाही. खत, तोडणीची मजुरी, मुलीचं बंगळुरातलं कॉलेज, बँकेचा हप्ता हे सगळं मात्र दोन्ही वर्षी भरावंच लागतं.

मग मधल्या चार वर्षांत घडलं काय? बरंच काही, आणि जवळजवळ सगळं दुसऱ्यांच्या शेतात. जगातली एक तृतीयांशाहून अधिक कॉफी ब्राझील पिकवतो. त्यामुळे तिथल्या एका रात्रीच्या थंडीने जग हलतं. जुलै 1975 मध्ये पाराना राज्यात असं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडलं की करोडो झाडं काळी ठिक्कर पडली. न्यूयॉर्कचा भाव 1977 मध्ये पाऊंडाला तीन डॉलरच्या वर गेला. जुलै 2021 मध्ये ब्राझीलमध्ये पुन्हा दहिवर पडलं. त्यानंतर तिथे दुष्काळ, तर व्हिएतनाममध्ये 2023-24 ला उन्हाळ्याने विहिरी आटल्या. व्हिएतनाम रोबस्टाचा राजा. लंडनचा भाव सप्टेंबर 2024 मध्ये 5,000 डॉलरच्या पुढे गेला, आणि डिसेंबरात अरेबिकाने 1977 चा विक्रम मोडला. फेब्रुवारी 2025 मध्ये ती चार डॉलरच्याही वर होती.

यात वायदेबाजाराची भर असते. वायदा म्हणजे पुढच्या महिन्यांतल्या मालाचा आजच ठरवलेला भाव. त्याचा मूळ हेतू चांगला आहे: भाजणाऱ्या कंपनीला सहा महिन्यांनी लागणाऱ्या कॉफीचा भाव आज पक्का करता येतो, निर्यातदारालाही धास्ती राहत नाही. पण याच बाजारात असेही लोक असतात ज्यांना कॉफी नको, फक्त भावातला फरक हवा असतो. ते वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांच्याशिवाय तिथे सौदे लवकर जुळणार नाहीत. एवढंच की पाऊस पडण्याआधी पावसाच्या अंदाजानेच भाव पळतो, आणि पाऊस पडला की उलटा पळतो. चलनाचीही गंमत आहे. ब्राझीलचा रेआल डॉलरपुढे घसरला की तिथल्या शेतकऱ्याला त्याच डॉलरात जास्त रेआल मिळतात. तो साठवलेला माल बाहेर काढतो आणि भाव पडतो. म्हणजे ब्राझीलच्या अर्थखात्याने काही गडबड केली की कूर्गातल्या विराजपेटच्या बाजारात पोत्यामागे दोनशे रुपये कमी.

रुपया घसरला तर आपल्या शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळतात, हे खरं. पण त्याच्या बागेला लागणारं पोटॅश जवळजवळ सगळं आयात होतं, तेही डॉलरमध्येच.

हे सगळं नेहमीच असं उघड्यावर नव्हतं, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 1962 मध्ये कॉफी पिकवणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या देशांनी एक आंतरराष्ट्रीय करार केला. कोणत्या देशाने किती निर्यात करायची याचा कोटा ठरला. भाव खूप पडला की कोटा आवळायचा, चढला की सैल करायचा. करार काही शुद्ध परोपकाराने झालेला नव्हता. शीतयुद्ध चालू होतं, आणि कॉफीचा भाव कोसळला तर लॅटिन अमेरिकेतले शेतकरी डावीकडे वळतील अशी अमेरिकेला भीती होती. पण कोटे लागू असत तेव्हा भाव बराचसा एका पट्ट्यात राहत असे. जुलै 1989 मध्ये देशांचं आपसात जमेना आणि कोटे स्थगित झाले. पुढच्या काही महिन्यांत भाव निम्म्याच्या जवळ आला. त्याच वर्षी बर्लिनची भिंतही पडली, तेव्हा अमेरिकेला पूर्वीइतकी घाई उरली नाही.

भारतात आतली व्यवस्था वेगळी होती. 1942 च्या कायद्याने कॉफी बोर्ड आलं आणि शेतकऱ्याने आपली कॉफी बोर्डाच्या ‘पूल’मध्ये, म्हणजे सामायिक साठ्यात, जमा करायची असा नियम झाला. बोर्ड विकणार, पैसे हप्त्याहप्त्याने देणार. विदर्भ-मराठवाड्यातल्या जुन्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल: 1972 ला सुरू झालेली आपली कापूस एकाधिकार खरेदी जवळपास याच धर्तीची. आणि तक्रारीही त्याच. पैसे उशिरा, दर्जेदार मालाला वेगळी किंमत नाही, खाबूगिरी. पूलमधला बराच माल रुपयाच्या करारावर सोव्हिएत संघाकडे जाई. तिथे चवीची चिकित्सा फारशी नव्हती. 1991 मध्ये सोव्हिएत संघच राहिला नाही. 1992 पासून पूल टप्प्याटप्प्याने ढिला होत गेला आणि 1996 मध्ये पूर्ण उठला. आता ज्याला जिथे विकायचं तिथे विका.

सुरुवातीला शेतकरी खूश होते, आणि त्यात काही चूक नव्हती. ब्राझीलमध्ये 1994 ला दहिवर पडलं होतं, भाव चढे होते. खरा फटका पुढे बसला. चढ्या भावाने जगभर लागवड वाढली आणि व्हिएतनामने तर दहा वर्षांत आपलं उत्पादन सुमारे दहापट केलं. 2001 च्या शेवटी अरेबिका पाऊंडाला 50 सेंटच्या खाली आली. तोडणीचा खर्चही निघेना म्हणून निकाराग्वातल्या बागांनी मजूर काढून टाकले आणि ती कुटुंबं रस्त्याच्या कडेला झोपड्या टाकून राहिली. कूर्ग, चिकमगळूर, वायनाडमध्ये कर्जाचे डोंगर उभे राहिले. जुना पूल मोडायलाच हवा होता असं माझं मत आहे. पण तो मोडताना त्याने जे एक काम केलं होतं, ते दुसऱ्या कोणाकडे दिलंच गेलं नाही. ते काम म्हणजे लहान शेतकऱ्याच्या वतीने थांबणं. आजही कॉफीला हमीभाव नाही. आणि कॉफी बोर्ड कृषी मंत्रालयाखाली नव्हे, तर वाणिज्य मंत्रालयाखाली येतं.

थांबणं हा शब्द मी मुद्दाम वापरला. 2024-25 मध्ये भारताची कॉफी निर्यात 1.8 अब्ज डॉलरपर्यंत गेली, विक्रम झाला. वर्तमानपत्रांत मथळे आले की कॉफी उत्पादकांची चांदी. काहींची खरंच झाली. पण रोबस्टाची तोडणी जानेवारी-फेब्रुवारीत आणि फळं वाळायला दोन-तीन आठवडे. नेमक्या त्याच वेळी मजुरीचे पैसे रोख द्यायचे असतात, बँकेचं पीककर्ज नवं-जुनं करायचं असतं. म्हणून लहान शेतकरी पोतं भरलं की विकतो. म्हणजे सगळ्यांचा माल एकदम येतो तेव्हा. कांदा सडतो म्हणून विकावा लागतो. कॉफी सडत नाही. नीट वाळवलेली चेरी महिनोन्महिने टिकते. मोठा मळेवाला ती गोदामात ठेवतो, त्यावर कर्ज उचलतो आणि ब्राझीलच्या थंडीची, म्हणजे जून-जुलैची, वाट बघतो. आपल्या शेतकऱ्याकडेही माल टिकेल, पण घर टिकणार नाही.

काहीजण त्याच्याही आधी विकतात. जून महिन्यात शाळेची फी आणि खत एकदम येतं. मग व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि हंगामात इतकी पोती अमुक भावाने देईन असा शब्द द्यायचा. भाव पडला तर शेतकरी जिंकला, चढला तर हरला. 2024 सारख्या वर्षी असा शब्द दिलेल्याचं काय झालं असेल, ते वरच्या हिशोबावरून काढा. व्हिएतनाममध्ये त्या हंगामात कित्येक शेतकऱ्यांनी आणि मधल्या दलालांनी जुन्या भावाने माल द्यायला सरळ नकार दिला आणि निर्यातदार अडकले. आपल्याकडे गाव लहान असतं, व्यापारी ओळखीचा असतो, पुढच्या जूनमध्ये पुन्हा त्याच्याच दारात जायचं असतं. शब्द मोडता येत नाही.

शिवाय उतारा कोण मोजतो? व्यापारी. नमुना काढून, सोलून, तोलून. एका किलोचा फरक पडला तर वरच्या भावाने पोत्यामागे 420 रुपये गेले. 80 पोत्यांचे किती, ते सांगायला नको. भाव जितका चढा, तितकी ही चूक महाग.

चढ्या भावाची आणखी एक बाजू आहे. फळं झाडावर असतानाच चोरीला जातात, राखण ठेवावी लागते. मजुरी वाढते. कूर्गात यरव आणि जेनू कुरुब या आदिवासी समाजांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बागांत राबत आली आहेत, आता आसाम-झारखंडचे मजूरही येतात. भाव वाढला हे त्यांनाही कळतं आणि ते जास्त मागतात, रास्तच आहे. पण भाव खाली आला तरी मजुरी खाली येत नाही. येऊही नये. त्या खड्ड्यात शेतकऱ्यालाच उभं राहावं लागतं.

त्यातून वाचायला जुन्या लोकांनी एक शहाणपणाची सोय केलेली आहे: आपल्याकडची कॉफी सावलीतली. वर सिल्व्हर ओक, फणस, पांगारा. खोडांवर मिरीचे वेल. कॉफी पडली तर मिरी हात देते. पण मिरीही जगाच्या बाजारातलीच. काही वर्षांपूर्वी व्हिएतनामची स्वस्त मिरी श्रीलंकेमार्गे, सवलतीच्या करांचा फायदा घेऊन, भारतात शिरू लागली; शेवटी डिसेंबर 2017 मध्ये सरकारला किलोला 500 रुपये असा किमान आयात भाव ठरवावा लागला. दोन्ही पिकांत समोर तोच व्हिएतनाम.

आता नवं प्रकरण. जागतिक बाजार म्हणजे फक्त भाव नव्हे. नियमही तिथूनच येतात. युरोपीय संघाने 2023 मध्ये एक कायदा केला: 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडून जिथे पीक घेतलं असेल, तिथली कॉफी युरोपात विकता येणार नाही. अंमलबजावणी 2024 च्या शेवटी होणार होती, ती पुढे पुढे ढकलली जात आहे. हेतूबद्दल वाद नाही. अडचण पुराव्याची आहे. प्रत्येक पोतं कोणत्या शेतातून आलं, त्या शेताचं अक्षांश-रेखांशासकट ठिकाण काय, हे दाखवावं लागणार. आपल्या शेतकऱ्याच्या आजोबांनी लावलेल्या बागेत जंगल तोडण्याचा प्रश्नच येत नाही, उलट वर तीस जातींची झाडं उभी आहेत. पण कूर्गात जम्मा जमिनीसारखे जुने हक्क आहेत, सात-बारासारखा उतारा एका माणसाच्या नावावर निघत नाही, अख्ख्या घराण्याच्या नावावर निघतो. आणि व्यापारी वीस जणांची पोती एकाच ढिगात ओततो. मोठा मळेवाला कागद तयार करणारा माणूस नेमेल. लहानाचा माल ‘कागद नसलेला’ म्हणून दोन पैसे कमीने जाईल, अशी भीती आहे आणि ती खोटी वाटत नाही.

आयातशुल्काचं उदाहरण तर ताजंच आहे. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने ब्राझीलच्या मालावर 50 टक्के कर लावला, भारताच्या मालावरही तेवढाच. भारताची कॉफी अमेरिकेला फार जात नाही, तेव्हा आपलं काय बिघडलं, असं वाटेल. पण ब्राझीलची कॉफी अमेरिकेला परवडेना म्हटल्यावर न्यूयॉर्कचा भाव चढला, ब्राझीलवाले दुसरी गिऱ्हाइकं शोधू लागले, आणि दुसरं मोठं गिऱ्हाईक म्हणजे युरोप, जिथे आपली कॉफी जाते. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने कॉफीला करातून सूट दिली आणि चक्र उलटं फिरलं. या चार महिन्यांत आपल्या शेतकऱ्याची फळं हिरवीची लाल होत होती, बाकी काही नाही.

पुण्यात कॅफेत बसून अडीचशे रुपयांची कापुचिनो पिताना मी एकदा रुमालावर हिशोब केला होता, तो इथे देतो. एका कपाला भाजलेली कॉफी लागते साधारण 18 ग्रॅम. भाजताना वजन घटतं, म्हणून कच्ची बी 21 ग्रॅम धरू. 2020 च्या रोबस्टाच्या भावाने त्या बीचे झाले दोन रुपये, 2024 च्या भावाने पावणेनऊ. अरेबिका धरली, आणि 2025 चा चढा चार डॉलरचा भाव लावला, तरी सोळा रुपयांच्या आसपास. उरलेले पैसे दूध, भाडं, वातानुकूलन, पगार, कर आणि नफा यांचे आहेत. कॅफेवाला लुटतो असं यातून निघत नाही. त्याचं भाडं मी भरून बघितलेलं नाही. पण बी स्वस्त झाली म्हणून कप स्वस्त झाल्याचं कोणाला आठवतं का? महाग झाली की मात्र पाटी बदलते. घरी आणतो त्या फिल्टर कॉफीच्या पुडीत दुसरी युक्ती असते: बी महागली की चिकोरी वाढते. नियमाने ती 49 टक्क्यांपर्यंत चालते. पुडीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, बघा.

लंडनचा हात जिथे कमी पोचतो अशाही काही जागा आहेत. आंध्रच्या अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांची अरेबिका स्वतःच्या नावाने विकली जाते. 2019 मध्ये अराकू, कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी आणि वायनाड अशा पाच ठिकाणच्या कॉफींना भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या चिखलदऱ्यात कॉफी पिकते ती थोडीच, पण पर्यटक ती पुडीतून घरी नेतात, आणि त्या पुडीचा भाव ठरवताना कोणी न्यूयॉर्कला विचारत नाही. हे कौतुकाचं आहे, पण याने प्रश्न सुटेल असं म्हणवत नाही. भारतात साडेतीन लाख टनांच्या आसपास कॉफी पिकते, सगळी पुड्यांत भरून हिल स्टेशनवर विकता येणार नाही. नावाने विकायचं तर फळ पिकलेलंच तोडायला हवं, म्हणजे एका झाडाकडे तीन-चार वेळा जायचं. धुवायला पाणी हवं, वाळवायला नीट खळं हवं, आणि पहिली दोन वर्षं गिऱ्हाईक शोधत फिरायला पदरात पैसे हवेत. पुन्हा थांबणं आलंच.

सध्या आपला शेतकरी एका वेगळ्याच विचारात आहे. दोन-तीन हंगाम बरे गेले, कर्ज बरंचसं फिटलं. बागेच्या वरच्या कोपऱ्यात एकरभर जुनी अरेबिका आहे, खोडकिड्याने पोखरलेली. ती उपटून रोबस्टा लावावी, असं मुलगा म्हणतो. आज लावलं तर नीट पीक यायला चार वर्षं. तो रोपवाटिकेत चौकशीला गेला तर तिथे रोपं संपलेली होती. तालुक्यातल्या सगळ्यांच्या डोक्यात एकाच वेळी तोच विचार आला होता. ब्राझीलमध्ये आणि युगांडातही लागवड वाढते आहे, हे त्याला फोनवरच्या बातम्यांतून कळलं आहे. पुढच्या पावसाळ्यासाठी पाचशे रोपांचं नाव नोंदवून तो घरी आला, आणि आगाऊ रक्कम किती द्यावी लागेल ते विचारायचं राहून गेलं म्हणून पुन्हा फोन लावतो आहे.